यंदा गंजी छातीएवढीच

७ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा

आज वर्षावास संपला. विहारात अष्टशील घेतले, दुपारनंतर अन्न नाही. पोटात काही नाही म्हणून अंग हलके वाटेल असे वाटले होते, पण पायऱ्या चढताना दम लागला. उपासाचा असेल.

पंचशील म्हणताना माझे निम्मे लक्ष समोरच्या डोंगराकडे. गवत पिवळे पडायला लागले आहे. आठवडाभर ऊन टिकले तर सोन्यासारखे वाळेल, आणि परतीचा पाऊस आला तर काळे पडून जाईल. भगवंतांनी चित्त एकाग्र करायला सांगितले आहे, पण भगवंतांच्या दारात दोन म्हशी नव्हत्या.

चांदी दुभती, भोरी गाभण. घाटरस्त्यावरच्या दोन ढाब्यांना आमचे दूध जाते, त्यावर घर चालते. ह्यांचा पगार गौतमीच्या लग्नासाठी बाजूला टाकते. होळीपासून पाऊस पडेपर्यंत म्हशी ह्या गवतावरच जगतात. विकतचे गवत घ्यायचे ठरवले तर दूध न विकलेलेच बरे.

विळ्यांना धार लावून आणली.

१० ऑक्टोबर

कापणीला लागलो. ह्यांनी कंपनीत दुपारची पाळी मागून घेतली आहे. सकाळी दोघे डोंगरावर, बाराला खाली, एकला नाक्यावर पिरंगुटची गाडी.

खालच्या तुकड्यात गवत दाट आहे. बसून कापत पुढे सरकायचे, डाव्या मुठीत गवत धरायचे, उजव्या हाताने विळा ओढायचा. पहिले दोन दिवस कंबर बोलते, मग गप्प होते. कुसळ मात्र गप्प होत नाही. लुगड्यात, पोलक्यात, बोटांच्या पेरात शिरते. संध्याकाळी चिमट्याने काढत बसले. पाय धुताना पाहिले तर जोडवी रुतली होती, साबण लावूनही निघेनात. दिवसभर उकिडवे बसल्याने पायाला सूज येते.

खोकलाही सुरू झाला. गवताची धूळ. दरवर्षी येतो.

१३ ऑक्टोबर

कापलेले वाळले. आज वाहायला सुरुवात केली.

आश्चर्य आहे. मान अजिबात दुखली नाही. दरवर्षी पहिल्या दिवशी मानेत खिळा ठोकल्यासारखे होते, चुंबळ बदलून बदलून थकते. आज भारा डोक्यावर फुलासारखा बसला. दिसायला चांगला मोठा, दोन्ही बाजूंनी खांद्याखाली लोंबणारा. अष्टशील मनापासून पाळले त्याचे फळ म्हणायचे.

एवढे असूनही दम लागतोच. पूर्वी मी वरून घरापर्यंत एका दमात यायचे. आता मध्ये उंबराखाली टेकावे लागते. ह्यांनी तिथे कमरेएवढा सपाट दगड रचून ठेवला आहे. भारा त्यावर टेकवला की कोणी उचलू लागायला नको, एकटीला डोक्यावर परत घेता येतो. मी विचारले, बावीस वर्षांत कधी दगड रचला नाही, यंदाच कसा सुचला? म्हणाले, तिथं साप दिसला व्हता, खाली बसू नगं.

भारे सगळे हेच बांधतात. माझे मी बांधायला घेतले तर हातातली दोरी काढून घेतली. मला वाटले माझी गाठ आता ढिली पडते म्हणून. मन जरा दुखावले. गाठ मला माझ्या आईने शिकवली आहे.

१६ ऑक्टोबर

भारे सोडून गंजी हेच रचतात. आज ह्यांनी सोडलेल्या एका भाऱ्यातून कारवीच्या काड्या खाली पडल्या. एकदोन नाही, चांगली ओंजळभर. ह्यांना दाखवल्या. आली असंल कापताना, म्हणाले. मी म्हटले, कारवी वरच्या कड्यावर, आपण कापतोय खाली, ती चालत आली का? तर हसले. चांदीच्या तोंडाला काडी टोचली तर दूध कोण देणार?

माणसाचे लक्ष कामात नाही. सारखे माझ्याकडे बघत असतात. मी उंबराशी थांबले की वरून हाक मारतात, काय झालं. काही झाले नाही, माणूस पाणी पिऊ नये का?

संध्याकाळी बुद्धवंदना केली, पण दोन गाथांमध्ये श्वास पुरला नाही. मनातल्या मनात म्हटली.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज सावड. कोंडिबादादा आणि त्यांची बायको रत्नाबाई आमच्या गवताला आले. आमच्या डोंगराला लागूनच त्यांचा डोंगर. पूर्वी सावडीला सगळी आळी यायची, आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. आता तरुण माणसे कंपन्यांत नाहीतर भूगावला, उरलो आम्ही दोन घरे. ते आज आले, आम्ही त्यांचा दिवस फेडायचा.

भाकरी, सुकटीची चटणी, वाटाण्याची उसळ केली. कोंडिबादादा जेवताना म्हणाले, “वैनी, तुमच्या हातची उसळ खाल्ली की मानूस दोन डोंगर उचलंल.” मग माझ्या भाऱ्याकडे बघून म्हणाले, “तुमचा भारा तर म्हंजी...” आणि ह्यांनी त्यांच्याकडे असे पाहिले की दादा भाकरी मोडू लागले. काय म्हणायचे होते? जेवणानंतर विचारले, तर म्हणाले, काय न्हाई, लई गोल बांधलाय.

रत्नाबाईंची ताकद मात्र बघण्यासारखी. साठी उलटलेली बाई, एका हाताने माझा भारा उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. मी मनात म्हटले, आपणही म्हातारपणी असेच राहावे.

२२ ऑक्टोबर

गंजी पुरी झाली. 

भारे तेवढेच आले, गेल्या वर्षी आले होते तेवढेच. वाहिले मी, मोजले मी. पण गेल्या वर्षी गंजीची शेंडी बांधायला शिडी लावावी लागली होती. यंदा माझ्या छातीएवढी. हात लांब केला की शेंडी हाताला लागते. गवत बसते हे खरे, पण एवढे? एका आठवड्यात?

हे म्हणाले, यंदा गवतात जीव न्हाई. मी म्हटले, मग वरचा तुकडा कापू. म्हणाले, “वरचं समदं कुसळ झालंय. तिकडं जाऊ नगं. पाय घसरतो तितं.”

वरचा तुकडा आमचा सगळ्यात चांगला. माझ्या सासऱ्यांनी दगड वेचून केलेला. तिथे कुसळ कसे होईल?

होळीनंतर म्हशींच्या पुढ्यात काय टाकायचे? रात्री हाच विचार. आडवे पडले की खोकला उसळतो, म्हणून उशाला दोन गोधड्या घेऊन टेकून बसते. काळजीने झोप लागत नाही.

२४ ऑक्टोबर

आज जे पाहिले ते जसेच्या तसे लिहून ठेवते.

सरपणाला ओढ्यापलीकडे गेले होते. तिथून आमचा डोंगर समोर दिसतो. वरच्या तुकड्यातून कोंडिबादादा आणि त्यांची सून साधना भारे घेऊन उतरत होते. आमच्या तुकड्यातून. हिरवट पिवळे, सरळ, लांब गवत. कुसळ नव्हे.

तिथेच उभी राहून विचार केला. गंजी छातीएवढी का? भारे तेवढे, गवत कमी. आमच्या परड्याला कुंपण नाही. ज्याने वरचे गवत न विचारता कापले त्याला रात्री गंजीतले ओढून न्यायला काय जड आहे? आणि त्यांची गंजी मी पाहिली आहे. घराच्या छपराच्या पाखेला लागली आहे.

पाण्याच्या टाकीवर दादा भेटले. आणखी तीनचार बायका होत्या. मी म्हणाले, “दादा, आमच्या ताटातलं उचलून तुमच्या म्हशी किती दिवस पोसणार?”

ते घमेले हातात घेऊन तसेच उभे राहिले. रागावले असते तर बरे झाले असते. फक्त ह्यांचे नाव घेऊन म्हणाले, “सोपानाला इचारा वैनी,” आणि गेले.

रात्री ह्यांना विचारले. ह्यांनी ताटावरून हात काढला. “तू त्यांला चारचौघांत असं बोललीस?” म्हणाले आणि न जेवता कोंडिबादादांकडे गेले. परत आले आणि हातपाय धुऊन अंथरुणावर बसले. मी पुन्हा विचारले तेव्हा म्हणाले, वरचं मीच दिलंय, अर्धेलीनं. का? म्हणे, मला दोन्ही होईना.

आजवर ह्या माणसाने स्वतःच्या रानातली काडी दुसऱ्याला कापू दिली नाही. आणि दिले तर मला कुसळ झाले म्हणून का सांगितले? खोटे बोलले ते कोणाला वाचवायला?

२६ ऑक्टोबर

हे परड्यात फोनवर बोलत होते. घोटावड्याच्या प्रदीप व्यापाऱ्याशी. मी शेण भरत होते, ह्यांना दिसले नाही. गाभण म्हैस, तिसरं वेत, असे कानावर पडले.

भोरीला विकायला निघाले आहेत. मला न विचारता.

मी समोर जाऊन उभी राहिले. हे म्हणाले, “दोन म्हशीचं गवात न्हाई आपल्यापाशी. एकीचं हाय. एकच ठिवू.” जसे काही ठरूनच गेले आहे. मी म्हणाले, मी अजून जिवंत आहे, हात आहेत, आणखी गवत आणीन. तर ह्यांनी तोंड फिरवले. डोळे पुसले की नाक, कळले नाही.

भूगावच्या बिल्डरची माणसे गावात फिरत आहेत असे ऐकते. एक म्हैस विकायची, मग दुसरी, मग म्हणायचे गुरे नाहीत तर डोंगर कशाला. असे तर नाही ना? ह्यांच्या मनात काय आहे ते ह्यांनाच ठाऊक.

गौतमीचा फोन आला. ती भूगावला मैत्रिणींबरोबर राहते. मी तिला सगळे सांगत होते, तर मध्येच म्हणाली, “आई, तू बोलताना सारखी थांबतेस का?” मी म्हटले, चुलीवर दूध आहे, त्याच्याकडे लक्ष आहे. दूध नव्हते. अष्टशील घेणाऱ्या बाईने असे बोलू नये.

२८ ऑक्टोबर

पाऊस. काल संध्याकाळपासून. गंजीवर ताडपत्री आहे, पण वाऱ्याने एक कोपरा उडाला. हे पाळीवर होते. मी एकटीने दोरी ओढली, दगड बांधला. मग तिथेच चिखलात बसले. किती वेळ ते कळले नाही. छातीत आतून कोणी दार ठोठावत असल्यासारखे. उठले तेव्हा लुगडे पूर्ण भिजले होते.

ह्यांना सांगितले नाही. सांगितले असते तर म्हणाले असते, बघ, म्हणून म्हणतो म्हैस विकू.

३१ ऑक्टोबर

ऊन पडले. सावडीचा दिवस फेडायचा होता.

हे म्हणाले, “तू नगं. मी आज रजा टाकतो, एकटा फेडतो.” मी ऐकले नाही. त्यांचे दोघे आले होते, आमचेही दोघे जातील. मी त्यांना चोर म्हणाले, त्यावर त्यांचा दिवसही बुडवायचा? तेवढी मी हलकी नाही.

तिथे पोचलो. रत्नाबाईंनी नेहमीसारखा चहा दिला, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. हे वरच्या बाजूला कापत होते. मी पहिला भारा घ्यायला गेले. साधनाने बांधलेला, माझ्या भाऱ्याहून लहान दिसत होता. रत्नाबाई उचलू लागल्या, दोन्ही हातांनी, कुंथत. डोक्यावर आला आणि डोंगरच आला. मान आत गेली. मी चार पावले टाकली, पाचवे टाकले, आणि समोरची वाट पांढरी झाली.

डोळे उघडले तेव्हा मी गवतात पडलेली, रत्नाबाई माझे डोके मांडीवर घेऊन पदराने वारा घालत होत्या. ओठ बघा किती निळे पडलेत, असे साधना म्हणाली. मला एकच वाटले, दादांच्या घरच्यांनी सूड घेतला. मी बोलले म्हणून मुद्दाम दगड घालून भारा बांधला. आणि ते मी बोलूनही दाखवले. काय घातलंत त्यात?

रत्नाबाई रडायच्याच बेतात होत्या. “अगं माझे आई, काय घालू? गवातच हाय. साधनीचा रोजचा भारा हाय ह्यो.”

तेवढ्यात हे वरून धावत आले. विळा हातातच होता. तो फेकला, माझ्याजवळ बसले आणि कोंडिबादादांना म्हणाले, “हिला कशाला उचलू दिला.” ओरडले नाहीत. हळू म्हणाले.

रोजचा भारा. एवढा शब्द डोक्यातून जाईना.

१ नोव्हेंबर

हे ढाब्यांवर दूध घालायला गेल्यावर मी परड्यात गेले आणि गंजीच्या कडेला टेकण म्हणून न सोडता ठेवलेल्या भाऱ्यांतला एक ओढून काढला. मी वाहिलेला. दोरी सोडली.

वर चहूबाजूंनी गवत, नीट विंचरलेले. आत कारवीच्या काड्या, आडव्या उभ्या, पाळण्याच्या पट्ट्यांसारख्या. मधे पोकळी. माझी परडी आत मावली असती. दुसरा सोडला, तसाच. तिसरा सोडला नाही.

एक माणूस पहाटे माझ्या आधी डोंगरावर जातो, कड्यावर चढून कारवी तोडतो, माझ्या प्रत्येक भाऱ्याला आतून पिंजरा करतो, की तो मोठा दिसावा आणि मला लागू नये. संख्या पुरी भरावी म्हणून. मी मोजते हे त्यांना माहीत. म्हणून मग वरचा तुकडा दिला, म्हणून गंजी छातीएवढी, म्हणून भोरी.

आणि मी त्याचे श्रेय अष्टशीलाला दिले.

जोडवी, खोकला, दोन गोधड्या, उंबराखालचा दगड. हे सगळे मीच इथे लिहिले आहे, एकाखाली एक. मला दिसले नाही, त्यांना दिसले. आयुष्यभर हिशोब मांडत आले, पण ही फसवणूक जमेत धरायची की खर्चात, ते कळत नाही.

काड्या परत घातल्या. दोरी बांधली. माझ्या आईच्या गाठीने बांधली गेली, मग सोडून ह्यांच्यासारखी बांधली.

२ नोव्हेंबर

आधी कोंडिबादादांकडे गेले. हात जोडून उभी राहिले. म्हणाले, चौथे शील रोज म्हणते आणि चारचौघांत तुमच्यावर खोटे घातले. चारचौघांतच मागे घेते. टाकीवर चला.

दादा म्हणाले, “सोपानानं गौतमीची आन घातली व्हती, बोलायचं न्हाई म्हनून. मंग चोर तर चोर.” मग हसले. “पन वैनी, चोराला अर्धा वाटा आनून टाकायचा असतोय, ह्ये पैल्यांदाच बघतोय. चार दिसांत तुमच्या परड्यात गवात पडंल. तवा मोजा.”

रत्नाबाई ओट्यावरून म्हणाल्या, मोज खुशाल, पण बसून मोज.

टाकीवर गेले. त्या दिवशी होत्या त्यातल्या दोघी भेटल्या. सांगितले. एकीने विचारले, मग गवत गेले कुठे? मी म्हणाले, माझ्याच घरात होते.

३ नोव्हेंबर

गौतमी रजा टाकून आली. तिला कोणी कळवले ते विचारले नाही. पौडला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीला नळी लावली, मग पाठीला, मग पुन्हा छातीला. खूप वेळ ऐकत राहिले. पायावर बोट दाबले, खड्डा पडला तो भरून यायला वेळ लागला. लहानपणी सांधे धरून ताप येत होता का? येत होता. सातवीत असताना दोन महिने शाळा बुडाली होती.

हृदयाची झडप आकसली आहे म्हणाले. पुण्यात मोठ्या दवाखान्यात फोटो काढायचा. कदाचित फुगा घालून उघडता येईल, कदाचित कापावे लागेल. सध्या गोळ्या. ओझे अजिबात नाही. हे बाकावर माझ्या शेजारी बसले होते. ओझे नाही म्हटल्यावर ह्यांनी इतका लांब श्वास सोडला की डॉक्टरांनी वर पाहिले.

येताना गाडीत मी विचारले, मला सांगितले का नाहीत? ह्यांनी माझ्या हातातली गोळ्यांची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

“दोन वर्सं झाली सांगतोय, दवाखान्यात चल. तू म्हनतीस धूळ हाय. गवात कमी आन म्हटलं असतं, तर दोन भारे जास्ती आनले असतेस.”

हे खरे आहे. 

भोरीचे मात्र मी म्हणाले, अर्धे गवत येते आहे, व्याली की ठरवू. ते म्हणाले, बघू. पुण्याची तारीख शुक्रवारची आहे. मला भीती वाटते. गोळी घेतल्यावर रात्री एकाच गोधडीवर झोपले, तरी वाटते.

५ नोव्हेंबर, कार्तिक पौर्णिमा

विहारात जाता आले नाही. घरातच तसबिरीपुढे मेणबत्ती लावून वंदना केली. दोनदा थांबले. थांबून पुढे म्हटली.

वरच्या तुकड्यातला आमचा वाटा आज आला. दादा, साधना आणि हे, तिघांनी वाहिला. मी परड्यात खाटेवर. जन्मात पहिल्यांदा गवत येताना बसून पाहिले. बसलेल्या माणसाला गवताचा वास जास्त येतो. गंजी माझ्या डोक्याच्या वर गेली. शिडी लागली नाही, पण हात पुरला नाही.

आमच्याकडे शेंडीची शेवटची पेंढी घरधनिणीने द्यायची. सासूबाई द्यायच्या, नंतर मी. ह्यांनी तिचे गवत बाजूला काढले आणि साधनाला हाक मारणार होते. मी उठले.

म्हणाले, “मी देते. मला जड होईल, लहान बांधा.”

हे माझ्याकडे बघत राहिले. बावीस वर्षांत मी कधी लहान बांधा म्हणाले नव्हते. दोरी हातात घेऊन ते उगाच इकडेतिकडे बघू लागले, जमिनीवर, परड्याच्या कडेला.

“काडी शोधू नका,” मी म्हणाले. “हलकी बांधा, पण खरी बांधा.”

कोंडिबादादा खोकल्यासारखे करून गोठ्यात गेले. ह्यांनी खाली बसून मूठभर गवत घेतले, मग आणखी थोडे, मग त्यातले थोडे काढून ठेवले.  उशीएवढी पेंढी झाली. त्यांनी ती माझ्या डोक्यावर ठेवली आणि हात लगेच काढला नाही.

खाटेपासून गंजीपर्यंत चालत गेले. मध्ये एकदा थांबले. कोणी काही विचारले नाही.